नदीकाठचं पूरमैदानी जंगल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न सारखे येत राहतात, कधी कधी तोच प्रश्न आठवड्यात दोनदा येतो, म्हणून एकदाच सगळं एका जागी लिहून टाकलंय. आधी साधे प्रश्न आहेत, पुढे पुढे डोकं खाणारे आहेत. एकच गोष्ट दोनदा लिहायची नाही म्हणून मधे मधे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय, तिकडे बघा.

१. पूरमैदानी जंगल म्हणजे नक्की काय? नदीकाठाला झाडं असली की झालं ना?

नाही झालं. नदी जवळ असणं पुरेसं नाही, नदीचं पाणी त्या जमिनीवर येऊन जायला हवं, दरवर्षी नाही तरी काही वर्षांनी, आणि जमिनीखालची पाणीपातळी नदीबरोबर वरखाली व्हायला हवी. पूरबांधाच्या पलीकडे राहिलेलं जुनं जंगल बघायला तसंच दिसतं पण त्याचा नदीशी संबंध तुटलेला असतो, त्याला मी नावापुरतंच पूरमैदानी म्हणेन.

ओळखायचं कसं? पाणी ओसरल्यावर आत जा. खोडांवर सगळीकडे एकाच उंचीला वाळलेल्या गाळाची रेघ दिसते, खालच्या फांद्यांत काटक्यांचे पुंजके अडकलेले असतात आणि ते सगळे प्रवाहाच्या बाजूने वाकलेले असतात. खाली जमीन सपाट वाटते पण नसते. जुने सुटलेले प्रवाह, डोह, गाळाचे लांबट उंचवटे, असं सगळं असतं आणि ३०-४० सेंटीमीटरच्या फरकाने झाडाची जात बदलते. डोळ्याला हा फरक कळतही नाही, झाडाला बरोबर कळतो.

२. एवढे दिवस पाण्यात उभी राहून ही झाडं मरत कशी नाहीत?

खरा प्रॉब्लेम पाणी नाही, ऑक्सिजन आहे. हवेच्या मानाने पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ १० हजार पट हळू पसरतो, त्यामुळे माती पाण्याने भरली की मुळांचा श्वास कोंडतो. पूरमैदानातल्या झाडांकडे यावर बरेच जुगाड आहेत. मुळांत आणि खोडात हवेच्या पोकळ्या तयार होतात आणि त्यातून वरची हवा खाली जाते, खोडावरची श्वासछिद्रं फुगतात, आणि वाळुंजासारख्या (विलो) झाडांना तर पाण्याच्या पातळीलगत खोडातूनच नवी लालसर-पांढरी मुळं फुटतात, पूर उतरला की ती दाढीसारखी लोंबताना दिसतात.

ॲमेझॉनच्या काठच्या जंगलात पाणी १० मीटरपर्यंत आणि काही ठिकाणी त्याहूनही वर चढतं आणि काही झाडं वर्षातले सात महिने त्यात उभी असतात. पण म्हणून कुठलंही झाड कुठलाही पूर सोसेल असं समजू नका. थंडीत पानं गळालेली असताना महिनाभर पाणी साचलं तर झाड ढिम्म हलत नाही, तेच झाड ऐन वाढीच्या दिवसांत, कोमट साचलेल्या पाण्यात दोन आठवड्यांत मान टाकू शकतं. वाहत्या पाण्यात ऑक्सिजन जास्त असतो, साचलेल्यात कमी. त्यामुळे कुणी मला विचारलं की 'हे झाड पूर सहन करतं का' तर मी उलट विचारतो, कधीचा पूर, किती दिवस, किती खोल आणि वाहता की साचलेला.

३. पण पूर म्हणजे नुकसानच ना शेवटी? जंगलाला त्याचा फायदा काय?

घरात पाणी आलं तर नुकसान, जंगलात आलं तर ते जेवण आहे. पूर बारीक गाळ आणतो, त्याला चिकटून फॉस्फरस येतो, तो जंगलात बसतो आणि ओसरताना पाणी स्वच्छ होऊन जातं. ओल्या, ऑक्सिजन नसलेल्या मातीतले जिवाणू नायट्रेटचं रूपांतर नायट्रोजन वायूत करतात, म्हणजे शेतातून वाहून आलेलं खत नदीत उतरायच्या आधीच बरंचसं हवेत जातं. १९८९ मध्ये युंक, बेली आणि स्पार्क्स या तिघा शास्त्रज्ञांनी 'पूर-स्पंदन' ही कल्पना मांडली, की मोठ्या नदीतल्या जिवांचं चक्र मुख्य पात्रापेक्षा या चढत्या-उतरत्या पाण्यावर जास्त चालतं. मासे पुराबरोबर जंगलात शिरतात, खातात, पिल्लं वाढवतात. ॲमेझॉनमधला तांबाकी मासा तर झाडाखाली थांबून पडणारी फळं खातो आणि बिया लांब नेऊन टाकतो.

४. कुठली झाडं कुठे असतात?

युरोपातल्या ऱ्हाइन, डॅन्यूबसारख्या नद्यांवर हे फार स्पष्ट दिसतं म्हणून तिथलं उदाहरण देतो. पाण्याला लागून, जिथे वर्षातले कित्येक महिने पूर असू शकतो, तिथे मऊ लाकडाची झाडं, म्हणजे वाळुंज आणि काळा पॉपलर. त्याच्या वर, जिथे पाणी काही आठवडेच येतं, तिथे कठीण लाकडाची, म्हणजे ओक, ॲश, एल्म. मऊवाली पटापट वाढतात, लवकर मरतात. कठीणवाली शतकं काढतात.

एक गोष्ट विसरू नका, मोठं झाड जिथे टिकतं तिथे त्याचं रोप टिकेलच असं नाही, कारण मोठ्याची पानं पाण्यावर असतात आणि रोपटं अख्खं बुडतं. त्यामुळे नुसती मोठी झाडं बघून 'इथे ओक चालतो' म्हणणं कच्चं आहे. ते झाड रुजलं तेव्हा नदी वेगळी वागत असू शकते.

५. वाळुंज-पॉपलरची मोठी झाडं भरपूर आहेत पण खाली एकही रोप नाही. गुरं खातात का?

गुरं, हरणं खातात हे खरं, पण आधी नदीकडे बघा. या झाडांचं बी कापसासारखं उडतं आणि जेमतेम एक-दोन आठवडे जिवंत असतं. तेवढ्यात त्याला उघडा, ओला, उन्हातला गाळ मिळायला हवा, गवतात किंवा सावलीत पडलं तर संपलं. म्हणजे पूर नुकताच ओसरत असताना बी उडायला हवं, आणि ओसरणंही हळू हवं, कारण रोपाचं मूळ पाण्याच्या मागे मागे खाली जातं आणि ढोबळमानाने पातळी दिवसाला अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त वेगाने उतरली की मूळ मागे पडतं आणि रोप वाळतं. फार खाली रुजलं तर पुढचा पूर उपटून नेतो, फार वर रुजलं तर तहानेने मरतं. मधला अरुंद पट्टा तेवढा कामाचा.

धरणवाले गेट झटकन बंद करतात आणि पातळी एका रात्रीत उतरते, तिथेच सगळा खेळ संपतो. कॅनडातल्या अल्बर्टामध्ये सेंट मेरी नदीवर १९५१ च्या धरणानंतर खालचे पॉपलर वाळत गेले. पुढे १९९५ च्या मोठ्या पुरानंतर ओल्डमन आणि सेंट मेरी या नद्यांवर पाणी मुद्दाम टप्प्याटप्प्याने उतरवलं आणि नवी रोपं भरपूर आली. जादा पाणी फारसं लागलं नाही, फक्त कमी करायची पद्धत बदलली. मला विचाराल तर या अख्ख्या विषयात एवढं स्वस्त औषध दुसरं नाही.

आणि दरवर्षी रोपं दिसली नाहीत म्हणून घाबरू नका. निसर्गातही चांगलं साल पाच-दहा वर्षांतून एकदा येतं, म्हणून तर काठावर एकाच वयाच्या झाडांचे पट्टे दिसतात. वीस-तीस वर्षांत एकही पट्टा तयार झाला नसेल तर मात्र गडबड आहे.

६. मग बियांची वाट कशाला बघायची, फांद्या खोचल्या तर?

चालतं, आणि बऱ्याच ठिकाणी तेच करावं लागतं. फांदी पाणीपातळीपर्यंत खोल जायला हवी, वरवर खोचलेली पहिल्याच उन्हाळ्यात जाते. पण एक चूक सगळीकडे दिसते, एकाच सोयीच्या झाडावरून शंभर फांद्या तोडतात. वाळुंज आणि पॉपलरमध्ये नर आणि मादी झाडं वेगळी असतात, त्यामुळे तुमचं अख्खं जंगल एकाच झाडाच्या नकला आणि तेही सगळे नर, असं होऊ शकतं. दहा-पंधरा वेगवेगळ्या झाडांवरून घ्या, दोन्ही प्रकार येतील असं बघा. युरोपात काळ्या पॉपलरची अजून एक भानगड आहे, लागवडीच्या संकरित पॉपलरशी त्याची सरमिसळ होते, त्यामुळे फांदी घ्यायच्या आधी झाड अस्सल आहे का हे तपासून घ्यावं लागतं.

७. वर धरण आहे, बाजूला बांध आहे, पूर येतच नाही. काय करता येतं?

तीन वाटा आहेत. पहिली, धरणातून वेळ साधून पाणी सोडायचं. ऑस्ट्रेलियात मरे नदीवर बार्मा-मिलेवा हे रिव्हर रेड गमचं (निलगिरीच्या कुळातलं झाड) सुमारे ६६ हजार हेक्टरचं जंगल आहे. तिथे नैसर्गिक पूर हिवाळा-वसंतात यायचा. ह्यूम धरण १९३६ मध्ये पूर्ण झालं आणि नंतर सिंचनासाठी पाणी उन्हाळ्यात भरभरून सोडलं जाऊ लागलं, म्हणजे ऋतूच उलटा झाला. वर्षभराचं पाणी कमी झालं हा एक भाग, पण नको तेव्हा ओलं आणि हवं तेव्हा कोरडं हाही तेवढाच मोठा. आता तिथे खास जंगलासाठी पाणी राखून सोडतात.

दुसरी वाट, बांध मागे सरकवायचा. जर्मनीत एल्ब नदीवर लेंत्सेनजवळ नवा बांध आत बांधला, जुना जागोजागी फोडला आणि २००९ पर्यंत सुमारे ४२० हेक्टर जमीन नदीला परत मिळाली. तिसरी वाट म्हणजे काहीच न करणं. ऱ्हाइनवरच्या क्युकॉप्फ इथे १९८३ च्या पुराने बांध फुटला, तिथली शेती सोडून दिली आणि जमिनीवर जंगल आपोआप वाढायला लागलं. ही वाट स्वस्त आहे पण त्यासाठी जमीन मालकीची हवी आणि छाती पण हवी.

८. पूर येतो तरी झाडांचे शेंडे वाळतायत. रोग आहे का?

रोग असू शकतो (१२ बघा), पण शेंड्याकडून खाली वाळत येणं म्हणजे बहुतेक वेळा मुळांना पाणी पुरत नाही. वरून पूर दोन दिवस येऊन जातो आणि बाकी वर्षभर पाणीपातळी मुळांच्या खाली असते. कारण नदीचा तळ खाली गेलेला असतो. नदी सरळ केली की तिचा वेग वाढतो आणि ती तळ खरवडते, वरच्या धरणात गोटे-वाळू अडकली की खाली गाळ नसलेलं, भुकेलं पाणी येतं आणि तेही तळच खातं, वाळूउपसा असेल तर विचारायलाच नको. वरच्या ऱ्हाइनचं सरळीकरण टुल्ला या इंजिनिअरच्या आराखड्याने १८१७ मध्ये सुरू झालं आणि काही भागांत तळ कित्येक मीटर खाली गेला, काठाची जंगलं कोरडी पडली. व्हिएन्नाच्या खाली डॅन्यूबवर, जिथे १९८४ मध्ये हाइनबुर्गच्या जलविद्युत प्रकल्पाविरुद्ध लोक थंडीत जंगलात जाऊन बसले आणि १९९६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, तिथे आता तळ टिकावा म्हणून नदीत गोटे टाकतात आणि बाजूचे बंद केलेले प्रवाह पुन्हा उघडतात.

हे कळायला सोपा उपाय आहे. भोकं पाडलेला पाइप जमिनीत उभा गाडा आणि वर्षभर आतली पातळी मोजा. झाडांवर फवारणी करायच्या आधी हे करा, प्लीज.

९. बऱ्याच वर्षांनी जंगलात पाणी सोडलं आणि खाली नदीत मासे मेले. पाणी सोडणं चुकलं का?

सोडणं चुकलं नाही, एवढी वर्षं न सोडणं चुकलं. पूर आला नाही की खाली पानांचा थर साचत जातो. मग गरम दिवसांत एकदम पाणी चढलं की पानांतला सगळा अर्क उतरतो, पाणी चहासारखं काळपट होतं, जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. मरे-डार्लिंग खोऱ्यात २०१०-११ मध्ये मोठ्या दुष्काळानंतरच्या पुरात हेच मोठ्या प्रमाणावर झालं. उपाय म्हणजे थंड दिवसांत सोडा, थोडं थोडं पण वारंवार सोडा म्हणजे पालापाचोळा साचणारच नाही, आणि खाली मुख्य पात्रात ताजं पाणी मिसळेल एवढा प्रवाह ठेवा.

१०. विरळणी, कटाई करावी की अजिबात हात लावू नये?

दोन्ही बाजूचे लोक यावर हमरीतुमरीवर येतात. माझं मत असं की नदी मोकळी असेल, पूर येत असेल आणि जंगल जुनं असेल तर हात लावू नका, मोकळ्या जागा पाडायचं काम नदी स्वतः करते. पण नदी बांधलेली असेल, जंगल एकवयीन लागवडीचं असेल, काठ्यांसारखी बारीक झाडं दाटीने उभी असतील, तर काही न करणं म्हणजे संवर्धन नाही, आळस आहे.

ओकचं उदाहरण घ्या. ओकच्या रोपाला ऊन लागतं. सुटीसुटी एक-दोन झाडं काढली तर भोक इतकं लहान पडतं की शेजारची फांद्या पसरून ते दोन-चार वर्षांत बुजवतात आणि खाली सावलीतल्या जाती पुढे जातात. म्हणून गटाने काढायचं, निदान आसपासच्या झाडांच्या उंचीच्या दीड-दोन पट रुंद जागा मोकळी होईल असं, आणि तेही खाली ओकची रोपं आधीच उभी असतील तरच. रोपं नसताना छत उघडलं तर वेली आणि झुडपं येतात आणि मग दहा वर्षं तेच काढत बसा. ढोली असलेली, वाकडीतिकडी, वठलेली झाडं ठेवायची, पक्षी आणि वटवाघळं तिथेच राहतात.

मशीन ओल्या जमिनीवर कधीही घालू नका. या गाळाच्या मातीवर एकदा चाकोऱ्या पडल्या की माती दबते, त्यात पाणी साचतं आणि त्या पट्ट्यात वर्षानुवर्षं रोप येत नाही. जमीन कडक वाळलेली किंवा गोठलेली असतानाच काम, ठरलेल्या वाटांवरूनच.

११. पडलेली झाडं, नदीतले ओंडके उचलायचे का?

पूल, बंधारा, वस्ती खाली जवळ असेल तर अडकण्याचा धोका खरा आहे, तिथे उचला किंवा बांधून ठेवा. बाकी ठिकाणी राहू द्या. ओंडक्यामागे डोह तयार होतो, पुढे गाळाचं बेट, त्या बेटावर नवीन वाळुंज. नीटनेटकं दिसावं म्हणून उचलणं हा शुद्ध दिखाऊपणा आहे.

१२. लागवड करायचीच आहे. काय, किती, कसं?

आधी जमिनीच्या उंच-सखल भागाची पाहणी करा आणि एका पुरात पाणी कुठवर येतं तिथे खुंट्या ठोका, मग जाती ठरवा (४ बघा). मोकळी रोपं एकसारख्या ओळींत लावण्यापेक्षा गटागटाने लावलेली बरी. पहिली तीन-चार वर्षं गवताशी झुंज असते, पुरापेक्षा गवतानेच जास्त रोपं मरतात. रोपाभोवती घातलेला पेंढा पहिल्या पुरात तरंगत निघून जातो. हरणांपासून वाचवायला लावलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्यांना पुरातला कचरा अडकतो आणि नळी रोपाला घेऊन आडवी होते, म्हणून पूर गेल्यावर लगेच फेरी मारायला माणूस लागतो. तो माणूस नसेल तर लागवडीच्या फंदात पडू नका.

रोपवाटिकेतून रोग येतो हे डोक्यात ठेवा. अल्डर या काठावरच्या झाडाच्या मुळांना मारणारा फायटोप्थोरा हा बुरशीसारखा रोगजंतू १९९३ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्यांदा सापडला, तो पाण्यातून पसरतो आणि रोपांबरोबरही पसरला. ॲश झाडांची मर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पोलंडमध्ये दिसली आणि आता युरोपभर आहे. त्यामुळे एकाच जातीवर भरवसा नको, आणि ज्या ॲशला आजार कमी लागलाय ते झाड कापू नका, प्रतिकारशक्ती असलेलं बी तिथूनच मिळेल. एल्मच्या जातींत पांढरा एल्म डच एल्म रोगातून बराच वाचतो, कारण रोग पसरवणाऱ्या भुंगेऱ्यांना त्याची साल फारशी आवडत नाही.

१३. इंजिनिअर म्हणतात नदीतली झाडं पूर वाढवतात. खरं काय?

इंजिनिअर आणि झाडं राखणारे, दोघंही बरोबर आहेत, जागा वेगळी. झाडं पाण्याचा वेग कमी करतात, आणि वेग कमी झाला की त्या जागी पातळी वाढते. दोन बांधांमधल्या अरुंद पात्रात, शहरातून जाताना, हे परवडत नाही. पण वरच्या अंगाला, रुंद मैदानात, पाणी पसरून तिथेच रेंगाळलं तर खालच्या शहरात पुराचं टोक उशिरा आणि कमी उंचीचं येतं. म्हणून 'झाडं हवीत का नकोत' असा सरसकट प्रश्नच चुकीचा, कुठल्या किलोमीटरवर ते बोला.

१४. परदेशी झाडं दिसली की काढून टाकायची ना?

घाई नको. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला नद्यांच्या काठी टॅमारिस्क नावाचं बाहेरचं झाड माजलं, त्यावर पानं खाणारे भुंगेरे सोडले. पण तोवर वाळुंज गेलेले होते आणि धोक्यात आलेला एक छोटा माशीमार पक्षी टॅमारिस्कमध्येच घरटी करायला लागला होता, शेवटी २०१० मध्ये तिथल्या कृषी खात्याने तो कार्यक्रम थांबवला. शिवाय धरणाने नदीचं वेळापत्रक बिघडलेलं असेल तर बाहेरचं झाड काढून त्या जागी दुसरं बाहेरचंच येतं. आधी पाणी दुरुस्त करा (५, ७), मग तुकड्या-तुकड्याने काढा आणि मागोमाग देशी लावा.

१५. बदकांसाठी हिवाळ्यात जंगलात पाणी अडवतात. झाडं झोपेत असतात, मग काय बिघडतं?

मिसिसिपीच्या खोऱ्यात हे बरंच चालतं, तिथे मूळ सुमारे १ कोटी हेक्टर पूरमैदानी जंगलातलं पाऊण जंगल आधीच शेतीत गेलंय, त्यामुळे उरलेल्यावर सगळ्यांचा डोळा. तत्त्व बरोबर आहे (२ बघा) पण व्यवहारात पाणी पानगळीच्या आधीच भरतात, कळ्या फुटल्या तरी काढत नाहीत, आणि दरवर्षी त्याच तारखेला त्याच पातळीला भरतात. खऱ्या नदीत काही हिवाळे कोरडे जातात. असं वर्षानुवर्षं झालं की लाल ओक गटातली झाडं बुंध्याशी फुगतात, पालवी विरळ होते, हळूहळू मरतात आणि जास्त पाणी सोसणाऱ्या जाती जागा घेतात, आणि गंमत म्हणजे बदकांना आवडणारी बारीक ओकफळं त्या लाल ओकचीच असतात. उशिरा भरा, लवकर रिकामं करा, काही वर्षं भरूच नका.

१६. अमेरिकेतला दलदलीतला सायप्रस वृक्ष तर कायम पाण्यात असतो. तिथे कोरडं करायची काय गरज?

मोठा झालेला राहतो. अमेरिकेत ब्लॅक नदीकाठच्या एका सायप्रसचं वय २६०० वर्षांहून जास्त असल्याचं २०१९ मध्ये जाहीर झालं. पण त्याचं बी पाण्याखाली रुजत नाही, त्याला पाणी हटलेली ओली जमीन लागते आणि नंतर पुढच्या पुराच्या वर शेंडा निघेल एवढं वाढायला वेळ लागतो. पाणी कायम अडवून ठेवलेल्या सायप्रस जंगलात म्हातारी झाडं ऐटीत उभी असतात आणि पिल्लू एकही नसतं, वरून बघणाऱ्याला सगळं छान वाटतं.

१७. डासांचं काय?

पूर ओसरताना राहिलेल्या डबक्यांत पुराचे डास होतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. वरच्या ऱ्हाइनवर फक्त डासांच्या आणि काही माश्यांच्या अळ्यांना मारणारा बीटीआय हा जिवाणू वापरतात. डबकी नदीला जोडलेली असली की मासे आत येतात आणि अळ्या खातात, तुटलेली डबकी जास्त त्रास देतात.

१८. काम यशस्वी झालं हे कधी आणि कसं कळणार?

'पहिल्या वर्षी ९० टक्के रोपं जगली' हा आकडा रिपोर्टात छान दिसतो, पण त्यातून कळत काहीच नाही, एका मोठ्या पुरानंतर मोजा. रोपं बुडण्याच्या उंचीच्या वर गेली का, आपोआप आलेली किती आणि कुठल्या जातीची, पाइपमधली पाणीपातळी (८ बघा) उन्हाळ्यात किती खाली जाते, हे बघा. ठरलेल्या जागी खांब रोवून दरवर्षी त्याच महिन्यात त्याच दिशेने फोटो काढा, खांबावर रंगाने सेंटीमीटरच्या खुणा करा म्हणजे गाळ किती बसला तेही फोटोतच येतं. खांब लोखंडी नको, मोठ्या पुरात ओंडका आपटला की वाकतो आणि मग खुणांचा हिशोब लागत नाही, त्यापेक्षा जाड जिवंत झाडाच्या खोडावर पट्टी ठोकलेली बरी, फक्त झाड जाड होत जाईल तसे खिळे दर दोन-तीन वर्षांनी सैल करा.